साठ वॅटचे चार बल्ब

वायरमनचं काम म्हणजे शॉक न खाता खांबावर चढणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. चढलोय खांबावर, नाही असं नाही. शॉकही खाल्लेत. पण तेहतीस वर्षं ज्या कामाचा पगार घेतला ते काम हातापायाचं कमी आणि गुणाकार-भागाकाराचं जास्त. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या. माझ्या मेहुण्याला अजून वाटतं की मी नोकरीभर फ्यूजच बांधत होतो.

मी लोह्याचा. नांदेडला आयटीआय केलं आणि लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा तिथं सरकारी इमारतींची वीज बघायच्या कामाला लागलो. शाळा, दवाखाने, कचेऱ्या, सगळं आमच्याकडं. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण आमच्या शाखेचे नऊ महिने उलटले तरी खुर्च्या पुऱ्या नव्हत्या. मी केबलच्या रिकाम्या लाकडी ड्रमवर बसून अर्ज लिहायचो. कागदांवर जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेलं, त्यावर पेनानं काट मारून वर 'लातूर' लिहायचं. दिवसाला पन्नास वेळा लातूर लिहून हात दुखायचा, पण मजा वाटायची. जिल्ह्याचं बारसं आपल्याच हातानं चाललंय असं वाटायचं.

आता धंद्याचं गणित सांगतो, घाबरू नका. आमच्या आयटीआयच्या मास्तरांनी ते बैलगाडीवर शिकवलं होतं. बैलांचा जोर म्हणजे दाब, त्याला म्हणतात व्होल्ट. गाडी किती पळते तो प्रवाह, म्हणजे अँपिअर. रस्त्यातला चिखल म्हणजे विरोध, तो ओहममध्ये मोजतात. आणि शेवटी घरी माल किती पोचला, ते वॅट. दाबाला प्रवाहानं भागलं की विरोध कळतो. दाबाला प्रवाहानं गुणलं की वॅट कळतात. बस्स, एवढंच. एवढ्यावर माझा संसार झाला, पोरांची लग्नं झाली.

गिऱ्हाईक मात्र एकेक नमुना. सुट्टीच्या दिवशी मी खाजगी कामं करायचो. (आता निवृत्त आहे, म्हणून लिहितो.) लातूरच्या अडत बाजारात एक व्यापारी होते, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, आवाज असा की मोंढ्याच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा हमाल उभा राहायचा. त्यांनी पाणी तापवायचं हजार वॅटचं हीटर घेतलं होतं. सकाळी चहाला पाणी उकळायला अर्धा-पाऊण तास. त्यांनी मला बोलावलं ते हीटर दुरुस्त करायला नाही, तर दुकानदाराविरुद्ध साक्ष द्यायला.

"हजाराचं म्हणून पाचशेचं गळ्यात मारलंय त्यानं मला. तू फक्त लिहून दे. पुढचं मी बघतो," ते म्हणाले.

मी सकाळी सातला मीटर लावला. दाब एकशे साठ, प्रवाह तीन. गुणाकार चारशे ऐंशी वॅट. शेठ मांडीवर थाप मारून म्हणाले, "बघ! निम्मं! चोर हाय का न्हाई?"

मी म्हटलं, "शेठ, जरा दम धरा. मी दुपारी परत येतो."

दुपारी तीनला परत गेलो. दाब दोनशे तीस, प्रवाह चार पूर्णांक तीन. गुणाकार जवळजवळ हजार. आता खरी गंमत भागाकारात आहे. सकाळचा एकशे साठ भागिले तीन, त्रेपन्न. दुपारचा दोनशे तीस भागिले चार पूर्णांक तीन, त्रेपन्नच. म्हणजे हीटरची कॉइल सकाळी होती तीच, तशीच. तिच्यात खोट नाही. सकाळी बैलांचाच जोर कमी होता. दाब दोन-तृतीयांशावर आला की उष्णता दोन-तृतीयांशावर थांबत नाही, निम्म्यावर घसरते, कारण दाब घटला की प्रवाहही त्याच्या मागं घटतो आणि दोन्हींचा गुणाकार करायचा असतो. शेठना हे पटवायला मला तीन कप चहा लागला. दुकानदार मात्र वाचला. पुढं आठ दिवस मी बाजारात छाती काढून फिरत होतो.

हा किस्सा मी शेकडो वेळा सांगितलाय. आज सांगितला तो फुशारकीसाठी नाही. चहाच्या पाण्यासाठी मी एका दिवसात दोनदा गेलो, सकाळी आणि दुपारी, हे ध्यानात असू द्या.

त्याच वर्षी दुष्काळ पडला. पाऊस मृगात दोन दिवस तोंड दाखवून गेला तो गेलाच. विहिरींत पाणी खाली गेलं तशी लोकांनी मोठ्या मोटारी बसवल्या. शेतीला वीज पाळीनं मिळायची, त्या हिवाळ्यात पाळी होती पहाटे पाच ते दुपारी एक. पाचच्या ठोक्याला अख्ख्या शिवारातल्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या, कारण उशीर केला तर शेजाऱ्याची विहीर आपलं पाणी ओढील अशी प्रत्येकाला धास्ती. सगळ्यांनी मिळून एकाच तारेतून वीज ओढली की तारेच्या टोकाला असणाऱ्याला काय उरणार? टोकाला होतं एक तालुक्याचं गाव आणि त्याच्याही टोकाला तिथला दवाखाना. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती.

त्या दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या लेकरांसाठी एक पेटी होती. विकतची नव्हे. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली होती, वर काचेचं झाकण, बाजूंना हवेची भोकं, आणि खाली जाळीच्या पलीकडं साठ वॅटचे चार बल्ब. वायरिंग माझं. चार साठे दोनशे चाळीस वॅट, पेटी छान उबदार राहायची. चार-पाच लेकरं तिच्यातून धडधाकट घरी गेली होती. मला त्या पेटीचा फार अभिमान होता.

मार्गशीर्षातल्या थंडीत एके दिवशी आमच्या कचेरीत फोन आला. दवाखान्यातल्या महानंदा सिस्टर बोलत होत्या. त्या उदगीरकडच्या, मला 'अण्णा' म्हणायच्या. बाई कडक, पण जीव लावणारी. त्या म्हणाल्या, "अण्णा, पेटीत जुळ्या पोरी हायत. दीड-दीड किलोच्या. बल्ब जळायलेत, पण लेकरांचे पाय गार पडायलेत. येऊन बघा."

मी एस.टी.नं गेलो, पोचायला दुपारचे तीन वाजले. पेटीत दोन एवढ्याशा पोरी, जुन्या साडीच्या धडप्यात गुंडाळलेल्या. भिंतीला टेकून त्यांची आई बसली होती, रेणुका. बिलोलीकडची, नवऱ्याबरोबर इकडं दुष्काळी कामाच्या रस्त्यावर खडी फोडायला आलेली, आणि तिथंच सातव्या-आठव्या महिन्यात दिवस भरल्यासारख्या कळा येऊन बाळंत झालेली. वय असेल एकोणीस-वीस. पेटीवरची नजर ती काढत नव्हती.

मी मीटर लावला. दाब दोनशे अठ्ठावीस, प्रवाह एकाच्या किंचित वर. गुणाकार दोनशे पस्तीस वॅट. एकदम बराबर. पेटीत हात घातला, ऊब चांगली. चारी बल्ब लखलखीत.

"पेटी बरोबर आहे, सिस्टर," मी म्हटलं.

"आत्ता हाय बरोबर. पहाटे गार पडतंय, अण्णा. तुम्ही पहाटे बघा."

"बल्ब पहाटे लागतात का नाही?"

"लागत्यात."

"मग झालं की! बल्ब लागलाय म्हणजे तो साठचाच आहे. पहाटे काय तो चाळीसचा होतो?"

हे मी बोललो. मी! शेठच्या हीटरचा किस्सा गावभर सांगत फिरणारा मी. आणि घाई कशाची होती तेही सांगून टाकतो. नांदेडहून मेहुणा आला होता, घरी मटण शिजत होतं, आणि साडेतीनची एस.टी. चुकली तर पुढची थेट सातला. दवाखान्याच्या दुरुस्ती वहीत मी लिहिलं : 'पेटी तपासली. चालू आहे. तक्रार नाही.' खाली झोकात सही ठोकली. मटण चांगलं झालं होतं, दोनदा रस्सा घेतला.

दुसऱ्या दिवशी दहाला फोन आला. सिस्टरांचा आवाज सपाट होता. "अण्णा, एक पोरगी गेली, सकाळी सात वाजता. दुसरी हाय. तुम्ही आता या, आणि मुक्कामाला या."

जाताना एस.टी.त माझ्या मांडीवर मीटरची पेटी होती आणि अख्खा रस्ता मला त्रेपन्न हा आकडा ऐकू येत होता. डॉक्टरसाहेबांनी नंतर मला सांगितलं की दीड किलोचं लेकरू कशानंही जाऊ शकतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते चांगल्या मनानं बोलले. पण मी मनाला लावून घेतलं आणि अजून घेतो. सकाळी बघायला हवं होतं, सांगणारी बाई सांगत होती, आणि मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं असं मला वाटलं. एवढीच ती गोष्ट आहे, तिला दुसरं कारण नाही.

मी गेलो तेव्हा सिस्टरांनी पोरीला आईच्या उघड्या छातीशी बांधून वरून गोधडी घातली होती. पण रेणुकाला बाळंतपणाचा ताप होता, थंडीची हुडहुडी भरली की तिचंच अंग थरथरायचं. तिच्या भरवशावर पोरीला रात्रंदिवस ठेवणं शक्य नव्हतं. डॉक्टरसाहेब स्पष्ट म्हणाले, "पेटी पाहिजे. पेटी नीट चालली तर ही पोरगी जगेल."

दवाखान्याच्या ओसरीवर पथारी टाकली. पहाटे पावणेपाचला उठून मीटर लावून बसलो. दाब दोनशे वीस. पाच वाजले. लांब शिवारात मोटारी घुमायला लागल्याचं ऐकू आलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत काटा खाली आला. दोनशे, एकशे ऐंशी, एकशे पासष्ट, दीडशे. तिथं थांबला. चारी बल्ब लागलेलेच होते, पण तांबूस. प्रवाह शून्य पूर्णांक ब्याऐंशी. दीडशे गुणिले ब्याऐंशी शतांश, एकशे तेवीस वॅट. निम्मे! दोनशे चाळीसची ऊब एकशे तेवीसवर, आणि तीही पहाटेच्या, सगळ्यात कडक थंडीत. बल्ब खरोखरच पहाटे साठचा तीसचा होत होता.

भागाकारही केला, सवय. दुपारी विरोध दोनशे वीसच्या आसपास होता, पहाटे एकशे त्र्याऐंशी. हीटरच्या कॉइलसारखा बल्ब एकवचनी नसतो. त्याची तार कमी तापली की तिचा विरोधही उतरतो, म्हणून थोडा प्रवाह जास्त जातो. त्या उतरलेल्या विरोधानंच निम्मं तरी राखलं होतं, नाहीतर शंभरावरच आलं असतं.

सिस्टर मागं येऊन उभ्या होत्या. मी आकडे लिहिलेला कागद त्यांच्यापुढं धरला. "निम्मं व्हायलंय, सिस्टर. तुम्ही म्हणत होता ते खरं."

"मला आकड्यातलं काय कळतंय, अण्णा? मला पायातलं कळतंय," त्या म्हणाल्या. "आता काय करायचं ते सांगा."

काय करायचं? सरळ आहे, बल्ब वाढवायचे. निम्मी ऊब, तर दुप्पट बल्ब. आठ लावले की दीडशेच्या दाबातही दोनशे पंचेचाळीस वॅट. सकाळी दुकान उघडायच्या आधी दुकानदाराला घरातून उठवून बल्ब आणि होल्डर आणले, नऊ वाजेपर्यंत चार जादा बसवले. पण आनंदात उडी मारायच्या आधी, ह्या खेपेला, मी बसून दुपारचा गुणाकार केला. एक वाजता मोटारी बंद होणार. दाब उडी मारून दोनशे तीसला जाणार. आठ बल्ब, प्रत्येकी साठ, चारशे ऐंशी वॅट. एवढ्याशा लाकडी पेटीत! पोरगी भाजून निघाली असती. गारठ्यातून काढून फुफाट्यात टाकल्यासारखं झालं असतं.

म्हणून जादा चार बल्बांना दोन बटणं बसवली, एका बटणावर दोन. दाब दीडशेच्या आसपास असेल तर आठही, एकशे ऐंशी-नव्वद असेल तर सहा, दोनशेच्या वर गेला की आधीचे चार. पेटीवर व्होल्टमीटर स्क्रूनं पक्का केला. उरला एक प्रश्न : काट्याकडं बघणार कोण? तीस खाटांना दोन सिस्टर. त्यांनी पेटीपाशी बसून राहायचं म्हटलं तर बाकीच्यांना कोण बघणार?

"मी बघते की," रेणुका म्हणाली.

मी म्हटलं, "बाई, आकडे वाचता येतात का?"

"न्हाई येत. पण काटा दिसतोय की मला. कुठवर आला की काय दाबायचं, ते सांगा."

सिस्टर आत गेल्या आणि जखमेला लावायच्या लाल आणि जांभळ्या औषधाच्या बाटल्या घेऊन आल्या. मी मीटरची काच काढली आणि कापसाच्या काडीनं आकड्यांच्या खाली रंग भरले. दीडशेच्या भोवती लाल. दोनशेच्या पुढं जांभळं. मधला पांढराच ठेवला. काटा लालवर, दोन्ही बटणं खाली. पांढऱ्यावर, एकच खाली. जांभळ्यावर, दोन्ही वर. रेणुकाकडून दहा वेळा पाठ करून घेतलं. अकराव्या वेळी ती वैतागून म्हणाली, "दादा, खडी फोडती म्हणून डोकं बी फुटलंय का माझं? कळलं."

सिस्टरांनी त्यात आपलं एक घातलं. "काट्याच्या आधी पाय. आधी लेकराच्या तळव्याला हात लावायचा, मग काटा बघायचा. काटा खोटं बोलला तर पाय खरं बोलतील." मला ते तेव्हा टोचलं, पण बरोबर होतं.

दुपारी एक वाजायच्या सुमाराला मी वऱ्हांड्यात भाकरी खात बसलो होतो. ठरवलं होतं की एकच्या आधी उठायचं, पण माझं घड्याळ पाच मिनिटं मागं होतं. मोटारी थांबल्याचं मला कळलंच नाही. आतून रेणुकाची हाक आली. "दादा! काटा पळालाय! लालच्या बाहीर पळालाय!" हातातला तुकडा टाकून धावलो. दारात पोचेपर्यंत तिनं एक बटण वर केलं होतं, काट्याकडं बघत होती, आणि काटा जांभळ्यात शिरला तसं तिनं दुसरंही वर केलं. मग झाकण सरकवून पोरीच्या तळव्याला बोट लावलं.

"पाय ऊन हायत, पण लई न्हाई," ती म्हणाली आणि माझ्याकडं बघून हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर एकवीस दिवस ती बाई त्या पेटीजवळून हलली नाही. तिचा नवरा सकाळ-संध्याकाळ कामावरून येऊन भाकरी देऊन जायचा, आणि ती अंघोळीला गेली की तेवढा वेळ तो काट्याकडं बघत उभा राहायचा. ताप उतरला, पोरीनं दूध ओढायला सुरुवात केली, आणि वजनाच्या काट्यावर पोरगी हळूहळू पुढं सरकली. मी दर चार दिवसांनी जायचो आणि पहाटेच पोचेन अशा बेतानं जायचो. आमच्या कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, "एवढ्या फेऱ्या कशाला?" मी म्हटलं, "साहेब, तिथला दाब पहाटे बघावा लागतो." त्यांनी फेऱ्या मंजूर केल्या.

एकविसाव्या दिवशी पोरगी दोन किलोच्या वर गेली आणि डॉक्टरसाहेबांनी घरी सोडायचं ठरवलं. मी गेलो होतो. रेणुकानं पोरीला काळी तीट लावली होती, टोपडं घातलं होतं. निघताना ती पेटीपाशी थांबली.

"दादा, एक विचारू? त्या दिशी ह्या पेटीत काय बिघाड व्हता?"

सिस्टर बाजूलाच उभ्या होत्या, त्यांनी मान खाली घातली. सांगायला सोप्या गोष्टी पुष्कळ होत्या. व्होल्टेज कमी होतं, दुष्काळ होता, मोटारी होत्या. सगळ्या खऱ्या. मी म्हटलं, "पेटीत बिघाड नव्हता, बाई. पहाटे दाब पडत होता. मी आदल्या दिवशी येऊन गेलो होतो, तुम्ही बघितलंय मला. सिस्टर म्हणाल्या पहाटे बघा, आणि मी दुपारी बघून गेलो. मी थांबलो असतो तर त्याच पहाटे कळलं असतं. चूक माझी आहे."

मला वाटलं, ही आता शिव्या देईल, आणि द्यायला पाहिजेत. तिनं विचारलं, "तुमी त्या दिशी वहीत काय लिव्हलं व्हतं?"

मी वही आणली आणि वाचून दाखवलं. 'पेटी तपासली. चालू आहे. तक्रार नाही.'

"मग आता खरं लिव्हा त्याच्या खाली. पुढच्या बाईला कामाला येईल."

मी तिथंच उभ्या उभ्या लिहिलं : 'वरील नोंद चुकीची आहे. दुपारी तपासणी केली, पहाटे करायला हवी होती. पहाटे पाच वाजता दाब १५०, उष्णता निम्मी. त्यामुळं जुळ्यांपैकी एक मुलगी दगावली असावी.' सही केली, ह्या वेळी झोक नव्हता. तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "एक मुलगी म्हंजी कोण? नाव न्हाई त्यात."

"नाव ठेवलं होतं का?"

"कवा ठिवू? दोन दिसाची व्हती." मग टोपड्यातल्या पोरीकडं बघत म्हणाली, "ती आधी झालती. मोठी ती. मोठीचं नाव राहिलं तर धाकटीचं कसं ठिवू, सांगा बरं? लिव्हा तुमी. गंगा लिव्हा."

मी 'एक मुलगी' खोडून 'गंगा' लिहिलं. सिस्टर डोळ्याला पदर लावून आत गेल्या. गावाकडं जाणारा ट्रक निघेल म्हणून नवरा बाहेरून हाका मारत होता. रेणुका पोरीला सावरत निघाली आणि दारातून वळून म्हणाली, "धाकटीचं आता जमुना ठिवते, मग झालं." मी मान हलवली.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मी कुठल्याही वहीत 'चालू आहे' एवढंच कधी लिहिलं नाही. वेळ किती, दाब किती, प्रवाह किती, गुणाकार किती, आणि तक्रार करणाऱ्यानं काय सांगितलं, ते त्याच्या शब्दांत. हाताखालची माणसं कंटाळायची. एकानं तर माझं नावच 'पहाटवाले' ठेवलं होतं. ठेवू द्या. ती रंगवलेल्या मीटरची पेटी पुढं बरीच वर्षं चालली, आणि तिच्यातून किती लेकरं घरी गेली ते महानंदा सिस्टरांना विचारा, त्यांना तोंडपाठ आहे.

दोन वर्षांनी त्या दुरुस्ती वहीची तपासणी झाली. तपासणारे गृहस्थ काटेकोर होते, प्रत्येक ओळ वाचणारे. त्यांनी आमच्या शाखेला लेखी शेरा पाठवला : 'पृष्ठावरील नोंदीत दगावल्याचे नमूद केलेले गंगा हे कोणते उपकरण आहे? साठा वहीत आढळून येत नाही. खुलासा करावा.'

साहेबांनी कागद माझ्यापुढं सरकवला. तोवर आम्हाला खुर्च्या आल्या होत्या. मी खुर्चीवर नीट बसलो आणि खुलासा लिहिला : 'गंगा हे उपकरण नाही. जुळ्यांतली मोठी मुलगी आहे. नोंद बरोबर आहे, कायम ठेवावी.'

साहेबांनी वाचलं आणि खाली सही केली.